मीटरच्या पुढे जबाबदारी कोणाची?

गेल्या मे महिन्यात आमच्या गावातील एका वाड्याच्या गच्चीवरील भाड्याच्या खोलीत कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून एक एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मरण पावला. मी ज्या महाविद्यालयात नोकरी केली तेथेच तो शिकत होता. माझ्या सेवानिवृत्तीनंतर दाखल झालेला, त्यामुळे वर्गात मी त्याला शिकविले नाही. पण अर्थशास्त्राची जुनी पुस्तके नेण्यासाठी तो दोन-तीनदा घरी येऊन गेला होता. नेलेले पुस्तक कागदाचे वेष्टन घालून परत करणारा मुलगा होता, एवढे मला आठवते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात आठ ओळींची बातमी आली. कूलर बंद न करता पाणी भरण्याचा निष्काळजीपणा त्याच्या जिवावर बेतला, असे तीत म्हटले होते. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि प्रकरण मिटले.

चार दिवसांनी त्याचे वडील ट्रंक आणि अंथरूण न्यायला आले. कोरडवाहू शेतकरी माणूस. त्यांना एकट्याने त्या खोलीत जाववेना, म्हणून मी व आमचे एक जुने कार्यकर्ते, जे व्यवसायाने वायरमन आहेत, त्यांच्यासोबत गेलो. खोलीत तीन खाटा, भिंतीवर वेळापत्रक, खिडकीत पत्र्याचा कूलर. कूलरच्या तारेला तीन पिनांचा प्लग होता आणि तिन्ही पिना शाबूत होत्या. बोर्डावरील बटण बंद होते. त्याच्या खोलीतील मित्राने सांगितले की बटण आम्ही कोणीच नंतर हलविले नाही. तो पाणी भरण्यापूर्वी नेहमीच कूलर बंद करीत असे, त्यावरून आम्ही त्याची थट्टाही करायचो. वायरमन मित्राने कूलर उघडून पंप, पंख्याची मोटार आणि तारा तपासल्या. कूलरमध्ये कोणताही दोष सापडला नाही.

मग मृत्यू आला कोठून? तो खालच्या मजल्यावरून आला. वाड्यातील सर्व खोल्यांची अर्थिंगची तार एकच होती. ती जिन्याखालून मागील अंगणातील खड्ड्यात गेली होती आणि खड्ड्याच्या तोंडाशी गंजून तुटली होती. किती दिवसांपूर्वी, ते कोणाला ठाऊक नव्हते. खाली पाणी चढविण्याची मोटार बसविलेली होती. तिच्या आतील वेटोळ्याचे आवरण जळून वीज मोटारीच्या लोखंडी अंगावर उतरत होती. तार जमिनीशी जोडलेली असती तर ही वीज जमिनीत गेली असती. ती तुटलेली असल्यामुळे मोटार चालू होताच वाड्यातील प्रत्येक खोलीच्या अर्थिंगच्या तारेत, आणि तेथून प्रत्येक फ्रिजच्या, इस्त्रीच्या व कूलरच्या पत्र्यात वीज खेळू लागे. बटण बंद केल्याने अर्थिंगची तार तुटत नाही; बटण फक्त वीज आणणारी तार तोडते. गच्चीवरच्या नळाला पाणी येते मोटार चालू असते तेव्हाच. म्हणजे त्या मुलाने बादली भरली, नियमाप्रमाणे बटण बंद केले, आणि ओल्या पायांनी कूलरला हात लावला, तो नेमका त्याच वेळी.

मालकीणबाई विधवा आहेत. चार खोल्यांच्या भाड्यावर त्यांचे घर चालते. नळाला हात लावला की दोन-तीन दिवस झिणझिण्या येत होत्या, असे त्यांनी रडत रडत सांगितले. त्या पायांत चपला घालून वावरत, म्हणून वाचल्या. त्यांना दुष्ट ठरविण्यासाठी मी हे लिहीत नाही.

लिहिण्याचे कारण वेगळे आहे. घरगुती विद्युत उपकरणांची सुरक्षितता हा ज्याच्या त्याच्या सावधपणाचा विषय आहे, अशी आपली सर्वांची, पक्षाच्या कार्यकर्त्यांचीसुद्धा, ठाम समजूत आहे. वीज कंपन्या दर उन्हाळ्यात आवाहने काढतात, त्यांचा सूरही हाच असतो. या मुलाने आवाहनातील सूचना पाळल्या होत्या. सुरक्षितता ही त्या वाड्यातील एकाच तारेवर सामाईकपणे अवलंबून होती, आणि ती सामाईक तार कोणाचीच नव्हती.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पूर्वी सुखवस्तू घरांत दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. बाकीचे ओला पंचा डोक्यावर घेऊन झाडाखाली बसत. कूलरने हा भेद पुष्कळ कमी केला. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना लाकडाच्या भुश्श्याच्या जाळ्या, तळाशी पाणी, पाण्यात बुडालेला लहानसा पंप आणि समोर पंखा, एवढेच हे यंत्र. गल्लीतील कारागीर ते पत्रा कापून तयार करतो, मोसमापुरते भाड्यानेही मिळते. रिक्षावाल्यापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांना परवडणारे थंडावा देण्याचे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही. पण पाणी, धातू आणि वीज यांना एकाच पेटीत बसविणारे घरगुती उपकरणही क्वचितच असेल. भोवतीची फरशी ओली, माणूस घामाने ओला, पाय बहुधा अनवाणी. ज्या कूलरने गरिबाच्या घरात थोडे सुख आणले त्यालाच नावे ठेवून तो टाकून द्या म्हणणे मला मान्य नाही. तो सुरक्षित कसा होईल, हा प्रश्न आहे.

येथे थोडे आकडे समजून घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. आपल्या घरात २३० व्होल्टची वीज येते. ओल्या अंगाचा विजेला होणारा रोध सुमारे १,००० ओहम धरला, तर अंगातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. जुन्या पद्धतीचा ६० वॅटचा दिवा साधारणपणे एवढाच, किंबहुना किंचित अधिक प्रवाह घेतो. घरातील फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५,००० मिलिअँपिअरचा. तेव्हा मरणारा माणूस आणि जळणारा दिवा यांत फ्यूजला काही फरक दिसत नाही. फ्यूज काय किंवा हल्लीची एमसीबी काय, ती तारांना आगीपासून वाचविण्यासाठी असते. आमच्या घरी नवी एमसीबी बसविली, आता चिंता नाही, असे पुष्कळ जण समाधानाने सांगतात. ते समाधान निराधार आहे.

माणसाला मारायला किती प्रवाह लागतो, याचा अभ्यास अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून केला. हातात धरलेली तार स्वतःच्या इच्छेने सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर, असे त्यांना आढळले. त्यापुढे स्नायू आखडतात आणि हात चिकटून राहतो. प्रवाह ५० ते १०० मिलिअँपिअरच्या टप्प्यात गेला आणि सेकंदभर टिकला, तरी हृदयाची लय बिघडून माणूस मरू शकतो. इस्त्री, मिक्सर, पाणी तापविण्याचा रॉड ही उपकरणे आपल्याकडे दिवसभर कोण हाताळते ते आठवा, आणि मग या दोन सरासऱ्यांतील फरक पुन्हा वाचा. १९६१ साली याच डॅल्झिएल यांनी गळतीचा अल्प प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण तयार केले. आपल्या बाजारात त्याच तत्त्वावर चालणारे जे उपकरण मिळते त्याला आरसीसीबी म्हणतात. एका तारेने घरात गेलेली वीज दुसऱ्या तारेने तेवढीच परत येते की नाही, हे ते सतत ताडून पाहते. ३० मिलिअँपिअरची तूट आली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ते वीज बंद करते. ती तूट माणसाच्या अंगातून जमिनीत गेलेली असू शकते, एवढाच त्याचा तर्क.

आता अर्थिंगविषयी. याबाबत मी स्वतःच कसा अंधारात होतो ते सांगणे भाग आहे. त्या वाड्यातून परतताना वायरमन मित्र म्हणाले, "सर, तुमच्या घरचा खड्डा कधी पाहिला होता?" माझे घर १९९० च्या सुमारास बांधलेले. खड्डा कोठे आहे हे मला आठवेना. पत्नीला आठवले, तुळशीवृंदावनामागे. वर कुंड्या ठेवलेल्या. मित्राने एका दिव्याची एक तार विजेच्या बाजूला आणि दुसरी अर्थिंगला जोडून पाहिली. १०० वॅटचा दिवा पुरता उजळायला हवा होता. तो लालसर निखाऱ्यासारखा मिणमिणला. (हा प्रयोग जाणत्यानेच करावयाचा आहे, वाचकांनी नव्हे.) पस्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांना सार्वजनिक वस्तू, सामाईक संपत्ती, बाह्य परिणाम हे सारे शिकविले आणि स्वतःच्या अंगणातील खड्ड्यात एक बादली पाणी ओतले नाही.

पाणी का ओतायचे? आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती ओल धरते आणि वीज सहज शोषून घेते. उन्हाळ्यात ती वाळते, भेगाळते आणि आत पुरलेल्या पाइपापासून वा पट्टीपासून सुटते. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून नळीवाटे पाणी देण्याची जुनी पद्धत आहे. कूलर चालतो उन्हाळ्यात, म्हणजे अर्थिंगची गरज सर्वांत अधिक असते त्याच महिन्यांत ते सर्वांत कमकुवत असते. समजा, खड्ड्याचा रोध वाढून ५० ओहम झाला. उपकरणाच्या पत्र्यावर वीज उतरली तरी जमिनीत ४.६ अँपिअरच जाईल, ५ अँपिअरचा फ्यूज उडणार नाही आणि पत्रा तसाच जिवंत राहील. घरात तीन पिनांचे प्लग आहेत, फ्यूज आहे, सारे यथासांग आहे, आणि तरीही मृत्यू दबा धरून बसलेला आहे. अशा वेळी आरसीसीबी मात्र उपयोगी पडते, कारण तिला ३० मिलिअँपिअरच पुरतात.

येथे एक गुंतागुंत आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण आपल्या खोलीत आरसीसीबी बसविली आणि अर्थिंगची तार मात्र शेजाऱ्यासोबत सामाईक व निकामी असली, तर शेजाऱ्याच्या मोटारीतील दोष त्या तारेने आपल्या कूलरवर येईल. आपली आरसीसीबी त्याला अडवू शकणार नाही, कारण ती वीज आपल्या तिच्यातून गेलेलीच नाही. बंगलेवाला पैसे खर्चून स्वतःची सुरक्षितता विकत घेऊ शकतो. वाड्यात, चाळीत, वस्तीत राहणाऱ्याला ती एकट्याने विकत घेता येत नाही. तेथे सर्वांनी मिळून ती करावी लागते किंवा ती होत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ३३ व्या नियमाने वीज पुरवठादारावर असे बंधन घातले होते की, ग्राहकाच्या जागेत, वीज जेथे प्रवेश करते त्या ठिकाणाजवळ, त्याने जमिनीशी जोडलेले एक टोक ग्राहकाच्या उपयोगासाठी द्यावे व ते सुस्थितीत ठेवावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हे बंधन कायम राहिले. आमच्या गल्लीत मी दहा-बारा घरांचे मीटर पाहिले. असे टोक मला एकाही ठिकाणी दिसले नाही. मीटरपर्यंत आमची जबाबदारी, पुढची तुमची, हे वाक्य मात्र प्रत्येकाला पाठ होते.

गळतीचा प्रवाह तोडणाऱ्या उपकरणाविषयी जुन्या नियमांत पुढे ६१-अ हा नियम आला. तो उपकरण सक्तीचे करतो, पण कमी दाबाच्या ५ किलोवॅटखालील जोडण्यांना त्यातून वगळतो. २०१० च्या विनियमांनीही हीच रेषा स्वीकारली. पुढे ती खाली आणली गेली आणि घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादाही आता सांगितली आहे. तथापि लहान जोडणीला सूट देण्याचे तत्त्व तसेच राहिले. या रेषेचा अर्थ काय होतो? वातानुकूलन यंत्र, मोठा गिझर असलेल्या घराचा भार ५ किलोवॅटवर जातो. दोन दिवे, एक पंखा, एक दूरचित्रवाणी संच आणि कूलर असलेल्या घराचा भार अर्धा किलोवॅटही भरत नाही. वस्तुतः धोका भारावर अवलंबून नसतो. अर्ध्या किलोवॅटच्या घरातही २३० व्होल्टच असतात, आणि फरशी अधिक ओली, तारा अधिक जुन्या असतात. गरिबावर खर्चाचा बोजा नको, असा नियम करणाऱ्यांचा सद्‌हेतू असेलही. पण मग शासनाने खर्च उचलावा, हा दुसरा मार्ग होता. बोजा नको म्हणून संरक्षणच नको, ही कोणती करुणा?

१९४३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, ती स्वस्त व हमखास कशी मिळेल, असे प्रश्न त्यांनी युद्धोत्तर पुनर्रचनेच्या चर्चेत मांडले. या देशातील समाजवाद्यांनीही पुढे विजेच्या मालकीवर आणि दरांवर पुष्कळ भांडण केले, ते योग्यच होते. २०१७ च्या सौभाग्य योजनेनंतर तर घरोघर जोडण्या दिल्याचे आकडे अभिमानाने सांगितले गेले. एका दिव्यापुरत्या जोडणीवर वर्षा-दोन वर्षांत पंखा येतो, मग कूलर येतो. ती वीज जमिनीशी नीट जोडलेली आहे काय, हा प्रश्न आमच्या मोर्चाच्या निवेदनांत कधी आल्याचे मला स्मरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षांत देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मेली. यांत शेतातील, रस्त्यावरील, कारखान्यातील मृत्यूही आहेत. पण ते एकेकटे, विखुरलेले मरतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे अकस्मात असा शब्द लागतो, म्हणून त्यांची संख्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

भाडेकरूचा प्रश्न अर्थशास्त्राच्या दृष्टीने आणखी अवघड आहे. तारा मालकाच्या, जीव भाडेकरूचा. विद्यार्थी दोन वर्षांत खोली सोडणार. दुसऱ्याच्या भिंतीत तो कशाला पैसे घालील? मालकाला त्या खर्चाने भाडे वाढवून मिळत नाही, कारण खोली पाहायला येणारा पोरगा पाणी चोवीस तास आहे काय हे विचारतो, अर्थिंग आहे काय हे विचारत नाही. बाजारात ज्याची मागणी दिसत नाही ते बाजार पुरवीत नाही. चांगल्या प्रतीची आरसीसीबी दीड-दोन हजार रुपयांच्या घरात येते, खड्ड्याच्या दुरुस्तीला मजुरी लागते. चार खोल्यांत वाटले तर महिन्याच्या भाड्याचा लहानसा अंश. रक्कम मोठी नाही, ती कोणी द्यायची याचा निवाडा करणारी संस्था नाही, एवढीच अडचण आहे. नगरपालिका घरपट्टी लावताना पत्रे मोजते. विद्युत निरीक्षकांना एवढी घरे पाहणे शक्य नाही.

आमच्या काही मित्रांना हा सारा विषय क्षुल्लक वाटेल याची मला कल्पना आहे. एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, "सर, व्यवस्था बदलली की हे आपोआप होईल." व्यवस्था बदलेपर्यंत किती कूलर भरावे लागतील, असे मी त्याला विचारले. दुसऱ्या बाजूने, सारा दोष व्यवस्थेचा मानून घरातील माणूस मोकळा होतो, हेही मला मान्य नाही. तिसरी पिन मोडून प्लग दोन भोकांत बसविणारा हात आपलाच असतो. ती वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते, ठाऊक आहे? प्लग आत जाताना प्रथम जमिनीशी जोड व्हावा आणि निघताना तो सर्वांत शेवटी तुटावा, म्हणून. इतक्या विचाराने केलेली गोष्ट आपण पक्कड घेऊन दोन मिनिटांत निकामी करतो. आकडा टाकून वीज घेणाऱ्यांचा मुद्दाही नेहमी पुढे केला जातो. ज्यांची जोडणी रीतसर आहे, जे देयक वेळेवर भरतात, त्यांच्या घरातील खड्डे तरी कोठे ओले आहेत? त्या वाड्याचे देयक एकदाही थकलेले नव्हते.

घरात काय करावे याची यादी देण्याचा माझा अधिकार नाही, पण वायरमन मित्राकडून जे शिकलो त्यातील काही सांगतो. कूलरला हात लावण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग ओढून बाहेर काढावा. तसे केले तर वीज आणणारी तार तुटतेच, अर्थिंगची सामाईक तारही तुटते. त्या मुलाचा जीव एवढ्याने वाचला असता, हे मला रोज टोचते. पाणी अनवाणी भरू नये. मोसमाच्या आरंभी पंपाची तार पाहून घ्यावी, कारण ती वर्षभर कोरडी आणि चार महिने पाण्यात राहून तडकते. तीवर चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. पाणी तापविण्याचा रॉड लोखंडी बादलीत मुळीच घालू नये, आणि पाणी तापले की नाही हे बोट घालून पाहण्याची सवय सोडावी. आधी प्लग, मग बोट. क्षाराच्या पाण्याने रॉडचे आवरण खाल्ले जाते, तेव्हा भेगा किंवा फोड दिसले की तो रॉड फेकावा, दुरुस्त करू नये. इस्त्री, रॉड, गिझर यांवर आयएसआय चिन्ह असणे २००३ च्या आदेशाने सक्तीचे आहे, आणि तरीही आठवडी बाजारात बिनचिन्हाचे रॉड उघड विकले जातात. ते घेऊ नयेत आणि कोण विकतो ते बोलावे. कपडे वाळविण्यासाठी लोखंडी तार बांधण्याची चाल तर पुरती सोडली पाहिजे. पावसाळ्यात ती तार घराकडे येणाऱ्या विजेच्या तारेला घासते आणि ओले लुगडे झटकणारी बाई जागच्या जागी जाते. नायलॉनची दोरी थोड्या पैशांत मिळते. आणि झिणझिण्या आल्या तर त्यांचे हसू करू नये. नळाला, फ्रिजच्या कडीला किंवा भिंतीला हात लावल्यावर अंगाला मुंग्या आल्या, की मुख्य बटण बंद करून वायरमनला बोलावावे, आणि शेजाऱ्यांनाही सांगावे. दोष त्यांच्याकडचा असू शकतो.

कोणी चिकटलेच, तर प्रथम वीज तोडावी; ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर सारावे; हाताने ओढू नये. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब देत राहावे आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत थांबू नये. त्या दिवशी गच्चीवर जमलेल्या कोणालाही हे येत नव्हते. त्याला पालथा घालून तळपाय चोळीत बसले होते.

या वर्षी होळीनंतर आम्ही आमच्या गल्लीत एक साधे काम सुरू केले. वायरमन मित्र, तंत्रनिकेतनातील दोन विद्यार्थी आणि महिला मंडळाच्या एक बाई असे चौघे दर रविवारी सकाळी निघतात. मी त्यांच्यामागे वही घेऊन जातो. प्रत्येक वाड्याचा खड्डा शोधायचा, तार तुटली आहे काय ते पाहायचे, दिव्याने तपासायचे, आणि जे आढळले ते मालक आणि भाडेकरू या दोघांनाही एकाच वेळी, समोरासमोर सांगायचे. ही शेवटची अट बाईंनी घातली, आणि तिचे महत्त्व मला नंतर कळले. मालकाला एकट्याला सांगितले तर तो पाहू म्हणतो. भाडेकरूला एकट्याला सांगितले तर तो मालकाकडे बोट दाखवितो. दोघे समोर असले की वाटणीची भाषा सुरू होते. काही खड्डे कुंड्यांखाली सापडले, एक संडासाच्या पायरीखाली, आणि दोन वाड्यांत खड्डा नव्हताच. तार भिंतीतील एका खिळ्याला गुंडाळलेली होती. त्या विधवा बाईंनी आपल्या वाड्याचा खड्डा नव्याने करून घेतला आहे. मुलाच्या मित्रांपैकी एकजण त्याच खोलीत अद्याप राहतो. दुसऱ्याने खोली सोडली.

३३ व्या नियमापासून चालत आलेले ते जमिनीशी जोडलेले टोक प्रत्येक मीटरजवळ मिळावे, म्हणून आम्ही गल्लीतील ग्राहकांच्या सह्यांचा अर्ज वीज कार्यालयात दिला आहे. तेथील बाबूंनी तो दोनदा वाचला, असा अर्ज यापूर्वी आला नसल्याचे सांगितले आणि पोच दिली. उत्तर अद्याप आलेले नाही. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. ज्या शाखांना हवा असेल त्यांनी कळवावे, मी पाठवीन. सह्या घेताना भाडेकरूंच्याही घ्याव्यात. देयकावर त्यांचे नाव नसते, म्हणून त्यांची सही चालणार नाही असे कोणी सांगितले तरी घ्याव्यात.